कॉइल बदलून भागणार नाही, ताई

पत्र

नमस्कार ताई,

नौपाड्यातल्या आमच्या चार मजली इमारतीला आता ४० वर्षं होतील. तिसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं राहतो. मी, माझे यजमान आणि ८४ वर्षांच्या सासूबाई. बाथरूममधला बॉयलर १९९८ सालचा आहे, २५ लिटरचा, आत तांब्याची टाकी. सासूबाई अजून त्याला बंबच म्हणतात. गेल्या महिन्यापासून तो खालून थेंब थेंब गळतोय आणि टाकीखाली हिरवट ओघळ आलाय. शिवाय तो चालू असताना नळाला हात लावला की बोटांना मुंग्या येतात.

आमचे नळवाले दादा २० वर्षं इमारतीतली सगळी कामं करतात. ते म्हणतात, "वहिनी, कॉइल बदलतो, नवा वायसर टाकतो, अजून पाच वर्षं बघायला नको." भाचा म्हणतो, घरात पाइपचा गॅस आलाय, तर गॅस गिझर लावा, लाइट बिल वाचेल. स्टेशनजवळच्या एका दुकानात नव्या गिझरवर फिटिंग फुकट आहे. यजमानांचं म्हणणं, तांब्याची टाकी काढून पत्र्याचा डबा घरात आणायचा नाही. दादांना डावलणं माझ्या जिवावर येतं. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीआधी काम व्हायला हवंय. कोणाचं ऐकू?

– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर

ताई, तुमचं पत्र वाचलं आणि उत्तर लिहायला बसण्याआधी तुम्ही दिलेल्या नंबरवर तुम्हाला फोन केला. बॉयलरचा एमसीबी (मेन बोर्डावरची, ओझं वाढलं की आपोआप पडणारी कळ) खाली करायला सांगितलं आणि तुम्ही तो केलात. तरीही ते इथे पुन्हा लिहिते, कारण हेच वाक्य मला गेल्या काही वर्षांत बऱ्याच पत्रांत भेटलंय, "मुंग्या येतात" किंवा "हलकासा झटका लागतो". ज्यांच्या घरी असं होत असेल त्यांनी हे सदर पुढे वाचण्याआधी उठून गिझरचा एमसीबी बंद करावा. भिंतीवरच्या बटणावर भरवसा ठेवू नये. जुन्या घरांत कधीकाळी वायर उलटसुलट जोडलेली असते. मग बटण बंद केलं तरी तुटते ती न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, आणि वीज आणणारी फेज आत कॉइलपर्यंत जिवंतच राहते.

आता त्या मुंग्यांचा अर्थ. तुमचा सगळा प्रश्न त्यावर उभा आहे.

कॉइल म्हणजे धातूच्या नळीत बसवलेली तापणारी तार. तार आणि नळीच्या मधे वीज अडवणारी पूड भरलेली असते. २५ वर्षांत त्या नळीवर क्षारांचा थर बसतो, नळीला बारीक चीर जाते, पाणी आत शिरतं आणि वीज पाण्यात आणि टाकीत उतरायला लागते. इथपर्यंत दादांचं निदान बरोबर आहे, कॉइल गेलेलीच असणार. पण टाकीत उतरलेली वीज अर्थिंगच्या वायरने जमिनीत निघून जायला हवी होती. अर्थिंगची वायर असते ती त्याचसाठी. ती वीज नळातून तुमच्या बोटांपर्यंत आली, याचा अर्थ तिला जमिनीची वाट मिळाली नाही. म्हणजे तुमच्या घरात बिघाड दोन आहेत. एक बॉयलरमध्ये आहे आणि दुसरा भिंतीत, नाहीतर खाली मीटर रूममध्ये. दादा पहिला दुरुस्त करतील. मुंग्या थांबतील, सगळ्यांना हायसं वाटेल, आणि दुसरा बिघाड पुढची कॉइल चिरेपर्यंत तसाच दबा धरून राहील. त्या दिवशी आंघोळीच्या ओल्या स्टुलावर कोण बसलेलं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की गिझर कुठला घ्यायचा हे ठरवण्याआधी माणूस ठरवा, आणि पहिला माणूस वायरमन. सरकारी परवाना असलेला वायरमन. परवाना दाखवा म्हणायला संकोचू नका, ज्याच्याकडे असतो तो आनंदाने दाखवतो. गिझर विकायला येणाऱ्याला हे काम देऊ नका.

त्याच्याकडून काय करून घ्यायचं ते सांगते. बाथरूमच्या त्या सॉकेटला अर्थिंग खरंच पोचतंय का, हे त्याने मोजून दाखवायचं. टेस्टरचा दिवा लावून "आहे, आहे" म्हणणं म्हणजे मोजणं नव्हे. फेज आणि अर्थ यांच्यातला विजेचा दाब (व्होल्टेज) मीटरवर दाखवावा, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाखवावा, आणि अर्थिंग जमिनीत जिथे पुरलेलं असतं त्या खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरने मोजावा. तुमच्या वयाच्या इमारतींत मीटर रूमजवळचा अर्थिंगचा खड्डा कित्येकदा फरशीखाली गेलेला असतो, नाहीतर त्याची पट्टी गंजून तुटलेली असते. तसं निघालं तर ते एकट्या तुमच्या घराचं काम राहत नाही, सोसायटीचं होतं. सेक्रेटरींना लेखी कळवा. शेजाऱ्यांनाही सांगा, कारण लोखंडी पाइप सगळ्या मजल्यांचे एकमेकांना जोडलेले असतील तर तुमच्या बॉयलरची वीज खालच्या मजल्यावरच्या मोरीतही पोचू शकते. हे सांगायला लाज वाटू देऊ नका.

दुसरी गोष्ट वायर. त्या काळच्या बऱ्याच इमारतींत ॲल्युमिनियमची वायर टाकलेली आहे. २ किलोवॅटचा गिझर साधारण ९ अँपिअर ओढतो. जोड सैल झालेली, वर्षानुवर्षं तापून कडक झालेली ॲल्युमिनियमची वायर हे ओझं रोज सकाळी कसं पेलते, ते सॉकेटच्या काळ्या पडलेल्या भोकांकडे पाहिलं की कळतं. मेन बोर्डापासून गिझरपर्यंत तांब्याची स्वतंत्र वायर ओढून घ्या. २.५ स्क्वेअर एमएमच्या खाली नको, ४ एमएम टाकली तर उत्तम. १६ अँपिअरचा सॉकेट किंवा फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डीपी स्विच बाथरूमच्या बाहेर. आणि आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा.

या आरसीसीबीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण "आमच्याकडे एमसीबी आहे" असं म्हणून लोक निर्धास्त राहतात. एमसीबी पडतो तो ओझं फार वाढलं किंवा शॉर्ट झालं तर. २० अँपिअरचा एमसीबी तुमच्या बोटांतून जाणाऱ्या विजेसाठी पडणार नाही, त्याच्या लेखी ती काहीच नाही. आरसीसीबी मात्र गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा हिशोब जुळतो का हे पाहत असतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणात लाइन तोडतो. ३० मिलिअँपिअर म्हणजे त्या २० अँपिअरच्या सहाशे पटींहूनही कमी. तुमच्या घरी हा असता आणि अर्थिंगही शाबूत असतं, तर पहिल्या मुंगीच्याही आधी बॉयलर बंद पडला असता आणि तुम्ही मला वेगळंच पत्र लिहिलं असतं, "बॉयलर लावला की लाइट जाते" असं. काही वायरमन सारखा पडतो म्हणून आरसीसीबी काढून थेट जोड देतात. तसं कोणी सुचवलं तर त्याला चहा देऊन निरोप द्या.

आता दुरुस्ती की नवा. बॉयलर आठ-दहा वर्षांचा असता तर मी दादांच्या बाजूने उभी राहिले असते. कॉइल, थर्मोस्टॅट, वायसर या बदलण्याच्याच गोष्टी आहेत आणि उगाच चांगली वस्तू भंगारात काढणं मला पटत नाही. पण तुम्ही हिरवट ओघळ लिहिलाय. वायसरमधून गळणारं पाणी कॉइलच्या तबकडीभोवती ओलं दिसतं. पत्र्याखालून हिरवा ओघळ येतोय म्हणजे तांबंच कुठेतरी झिजून पाझरतंय, बहुधा सांध्यापाशी. डाख लावून ते वर्षभर थांबेल, मग शेजारी फुटेल. टाकीभोवतीचा, उष्णता राखणारा कापूस एव्हाना भिजून गेला असेल, त्यामुळे पाणी तापवायलाही वीज जास्त जात असणार. तुमच्या यजमानांना तांब्याबद्दल वाटतं ते खोटं नाही, ती टाकी खरंच दणकट होती आणि तिने तुम्हाला भरभरून दिलं. पण तिचं काम झालंय.

नव्या गिझरची टाकी आतून काचेसारखा मुलामा दिलेली पोलादी असते. तिच्यात मॅग्नेशियमची एक कांडी असते. पाण्यातले क्षार टाकी खाण्याऐवजी ही कांडी खातात, ती झिजते म्हणून टाकी टिकते. यजमानांना हे जरूर सांगा, कारण नव्या गिझरचं आयुष्य या कांडीवर आहे आणि ती बदलायची असते हे बहुतेक घरांत माहीतच नसतं. दर दोन वर्षांनी उघडून पाहावी. घोडबंदर रोडकडे जिथे टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं तिथे दरवर्षी. कांडी बदलत गेलात तर "पत्र्याचा डबा" म्हणायची वेळ येणार नाही.

किती लिटरचा? टाकीतलं पाणी ६० अंशांना तापलं आणि नळाचं पाणी २५ अंशांचं धरलं, तर १५ लिटरच्या टाकीतून आंघोळीच्या कोमट पाण्याचे सुमारे ३५ लिटर होतात, म्हणजे जवळजवळ दोन बादल्या. २५ लिटरमधून तीन बादल्यांच्या आसपास. तुम्ही तिघं पाठोपाठ आंघोळ करत असाल तर २५ घ्या. मधे वीस मिनिटं जात असतील तर १५ पुरतो, कारण २ किलोवॅटची कॉइल १५ लिटर तेवढ्याच वेळात पुन्हा तापवते. तुमच्याकडे दिवाळीला मुलं-नातवंडं येतात असं फोनवर म्हणालात, तेव्हा मी २५ म्हणेन. आयएसआयचा शिक्का बघा. तारे बघा, गिझरवरचे तारे सांगतात की नुसतं तापवून ठेवलेलं पाणी दिवसभरात किती वीज खातं. बाहेरचं अंग प्लास्टिकचं घ्या. खाडीची खारी हवा नौपाड्यापर्यंत येते आणि पत्र्याच्या कडा गंजायला लागतात.

३ लिटरचा झटपट तापणारा गिझर स्वस्त दिसतो, पण तो ३ किलोवॅट ओढतो आणि तुमची वायरिंग अजून बदललेली नाही. तुमच्यासाठी नको.

भाच्याचा गॅस गिझर. इथे मी नाही म्हणते आणि ते ठामपणे म्हणते. गॅस जळताना हवा खातो. लहान बंद मोरीत हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं जड होतं, मग चक्कर येते, आणि माणूस कडी काढायच्या आत कोसळतो. दर हिवाळ्यात आपण या बातम्या वाचतो, त्या बहुतेक वेळा अशाच बंद बाथरूममधल्या असतात, आणि बाहेरच्यांना कळेपर्यंत उशीर झालेला असतो. तुम्ही फोनवर म्हणालात की थंडीत सासूबाई झरोक्याला वर्तमानपत्र लावून घेतात. त्या मोरीत गॅस गिझर लावायचा विचारही नको. तो लावायचाच तर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या ठिकाणी लावतात आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणतात. पाइपच्या गॅसला जोडही कंपनीच्या अधिकृत माणसानेच द्यायचा असतो, दादांनी किंवा भाच्याने नव्हे. त्यातून तिसऱ्या मजल्यावर, वर जेमतेम एकच मजला आणि मग गच्चीवरची टाकी. एवढ्या कमी दाबावर गॅस गिझर पेटायलाही कुरकुर करतो.

आणि बचतीचा हिशोब भाच्यालाच करू द्या. तिघांच्या बादलीभर आंघोळीचं पाणी तापायला रोज साधारण एक युनिट लागतं, टाकीतून निसटणारी उष्णता धरली तरी दीडच्या आत. महिन्याचे ३० ते ४५ युनिट. तुमच्या महावितरणच्या बिलावरच्या दराने गुणा आणि त्याच्यापुढे ठेवा. त्याच बिलावर 'मंजूर भार', म्हणजे तुमच्या मीटरवर एका वेळी किती वीज ओढायची मंजुरी आहे ते, लिहिलेला असतो, तोही वायरमनला दाखवा.

आता ज्यासाठी तुम्ही खरं पत्र लिहिलंत, ते दादा.

२० वर्षं ज्याने रात्री-अपरात्री येऊन तुमची टाकी, तुमचे नळ, तुमची तुंबलेली मोरी सांभाळली, त्याला डावलणं तुमच्या जिवावर येतं यात काही चूक नाही. डावलूही नका. पाण्याचं काम त्यांचं आहे आणि ते त्यांच्याइतकं चांगलं दुसरं कोणी करणार नाही. कुठल्या चावीने कुठली लाइन बंद होते, कुठे जुना लोखंडी पाइप हात लावला की सुटेल, हे त्यांना डोळे मिटून माहीत आहे. जुना बॉयलर उतरवणं, लोखंडी पाइपाचा गंजलेला तुकडा काढून सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप) घालणं, अँगल कॉक बदलणं, हे त्यांना द्या. विजेचं काम वायरमनला द्या. आणि दादांना हे घरात बसवून, चहा देऊन सांगा: "दादा, पाण्याचं सगळं तुम्हीच करायचं. विजेचं मात्र परवानावाला करेल, आईंच्या जिवाचा प्रश्न आहे." मी अनेक दादांना ओळखते. असं समोर सांगितलेलं त्यांना लागत नाही. मागाहून दुसऱ्याला बोलावलेलं कळलं की लागतं.

एक अडचण आहे. काही कंपन्या त्यांच्याच माणसाने गिझर बसवला तरच वॉरंटी धरतात. घेण्याआधी हे विचारा. तसं असेल तर दादांनी पाइप आणि वायरमनने सॉकेट तयार ठेवायचं, आणि कंपनीच्या माणसाने गिझर टांगून जोडायचा. कंपनीचा नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा खोक्यावरून घ्या. फोनवर शोधून मिळालेला पहिला नंबर लावू नका. अशा नावाखाली फसवणारे बसलेले असतात, ते आधी पैसे किंवा ओटीपी मागतात.

दुकानाच्या फुकट फिटिंगबद्दल. त्यात बहुतेकदा भिंतीला टांगणं आणि दोन पाइप जोडणं एवढंच असतं. पाइप, व्हॉल्व्ह, बोल्ट, जुना उतरवायची मजुरी, हे सगळं नंतर सांगतात. म्हणून दुकान असो, कंपनी असो किंवा दादा असोत, कागदावर लिहून घ्या. वायर किती एमएमची आणि कुठल्या कंपनीची, सेफ्टी व्हॉल्व्ह कोण देणार, भिंतीत पाडलेलं भगदाड कोण बुजवणार, काही गळलं तर किती दिवसांत परत येणार. पक्कं बिल घ्या, त्यावर गिझरचा नंबर असू द्या. पुढे काही बिनसलं आणि कोणी दाद दिली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच असतो.

माणूस पारखायची माझी एक साधी रीत आहे. जो घरात आल्यावर आधी मेन बोर्ड उघडून बघतो, भिंतीवर टकटक करून वीट आहे की सिपोरेक्सचा हलका ठोकळा हे विचारतो, आणि दर सांगण्याआधी पाच प्रश्न विचारतो, तो बरा. जो दारातूनच "होऊन जाईल" म्हणतो त्याला मी काम देत नाही. शेजाऱ्यांना "कोणाकडून बसवलात?" एवढंच विचारू नका. "नंतर काही झालं तेव्हा तो परत आला का?" हेही विचारा. पहिल्या प्रश्नाला सगळे उत्तर देतात. दुसऱ्या प्रश्नावर जे थोडं थांबतात, त्यांच्याकडून खरं कळतं.

सेफ्टी व्हॉल्व्हचं मी इतकं का म्हणते ते सांगते. नेरुळला राहायला आलो तेव्हा आमचा गिझर दुकानाने पाठवलेल्या एका मुलाने बसवला. काही दिवसांनी व्हॉल्व्हमधून थेंब पडायला लागले, तो आला, पाच मिनिटांत थांबवून गेला, आणि मी खूश झाले. सहा महिन्यांनी पंख्याच्या कामासाठी आलेल्या वायरमनने वर पाहिलं आणि मला हाक मारली. व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच मारलेलं होतं. पाणी तापलं की फुगतं, दाब वाढतो, आणि तो दाब सोडायला हा व्हॉल्व्ह असतो. थोडे थेंब पडणं हे त्याचं काम चालू असल्याची खूण आहे. बूच मारलेलं असताना थर्मोस्टॅट अडकला असता, तर पाणी उकळत राहिलं असतं आणि टाकीला फाटण्यावाचून वाट उरली नसती. सहा महिने माझी मुलगी त्याखाली आंघोळ करत होती. म्हणून सांगते, व्हॉल्व्हचं तोंड कधी बंद करू देऊ नका. थेंब फार पडत असतील तर त्याला बारीक नळी लावून मोरीच्या जाळीपर्यंत सोडा.

तुमच्याकडे दाबाची चिंता कमी आहे. पण खारघर किंवा घोडबंदरच्या २०-२५ मजल्यांच्या टॉवरमध्ये खालच्या मजल्यांवर राहणाऱ्या वाचकांनी याकडे लक्ष द्यावं. पाण्याच्या दर १० मीटर उंचीमागे साधारण १ बारचा दाब वाढतो, तेव्हा ८ बार सोसणारा गिझर घ्या आणि सोसायटीने मधल्या मजल्यांवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवलेत का हे विचारा.

जागाही बदला, ताई. आत्ताचा बॉयलर सासूबाई बसतात त्या स्टुलाच्या अगदी वर आहे असं तुम्ही म्हणालात. २५ लिटर म्हणजे पाणीच २५ किलो, वर गिझरचं वजन वेगळं, आणि हे सगळं ओल्या भिंतीतल्या दोन-चार बोल्टांवर. जुने बोल्ट वापरू देऊ नका, नवे अँकर फास्टनर पक्क्या विटेत बसवा, आणि गिझर दाराच्या बाजूच्या भिंतीला घ्या. उभा गिझर आडवा टांगायला कोणी सुचवलं तर नको म्हणा, आडव्याचा वेगळा मिळतो.

बसवून झालं की आधी गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून टाकी भरू द्या. नळातून सलग पाणी यायला लागलं की मगच बटण. कोरडी कॉइल तापवली तर पहिल्याच दिवशी जाते. मग आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबून लाइन तुटते का ते माणसं घरात असतानाच बघा, आणि पुढे दर महिन्याला एकदा तुम्हीच दाबत जा. थर्मोस्टॅट मधल्या खुणेवर ठेवा. ६० अंशांचं पाणी म्हाताऱ्या कातडीला काही सेकंदांत भाजतं. बादलीत आधी गार, मग गरम, ही सवय सगळ्यांना लावा. सासूबाई आंघोळीला बसण्याआधी बटण बंद, हा नियम नव्या गिझरलाही ठेवा.

तोवर पाणी स्वयंपाकघरात तापवा. पातेलं अर्धंच भरा आणि यजमानांना उचलू द्या, ओल्या फरशीवरून भरलेलं पातेलं नेताना पाय घसरतो. बादलीत टाकायचा रॉड आणू नका. अर्थिंग नसलेल्या घरात तो बॉयलरपेक्षाही वाईट.

दिवाळीची घाई असल्यामुळे या आठवड्यात वायरमन बोलवा. नरक चतुर्दशीच्या आधीच्या पंधरवड्यात सगळ्यांनाच गिझर आठवतो आणि चांगली माणसं मिळत नाहीत. अर्थिंगचं काम सोसायटीच्या खड्ड्यापर्यंत गेलं आणि लांबलं, तर गिझर आणून खोक्यातच ठेवा आणि पहिली आंघोळ पातेल्याच्या पाण्याने करा. उटणं, सुगंधी तेल, मोती साबण सगळं असेलच. सासूबाईंनी तर अंगणातल्या चुलीवर तापलेल्या पाण्याच्या दिवाळ्या पाहिल्यात, त्या तक्रार करणार नाहीत.

राहता राहिला जुना बंब. "ताई, हा मी नेऊन टाकतो" असं कोणी म्हणेल, तर थांबा. आतली टाकी तांब्याची आहे आणि तांब्याच्या भंगाराला चांगला भाव मिळतो. बाहेरचा पत्रा आणि कापूस काढून टाकी वेगळी करायला दादांना सांगा, तुमच्यासमोर तोलून घ्या, आणि त्या पैशांतून दादांना दिवाळी द्या.